घोरणे, अडणारा श्वास आणि ऑटो सीपॅप मशीन

"अब्बा किती गाढ झोपलेत, बघा कसे घोरताहेत!" असे आपण घरात सहज म्हणून जातो. पण घोरता घोरता मध्येच आवाज बंद पडत असेल आणि मग गुदमरल्यासारखा श्वास येत असेल, तर ती गाढ झोप नव्हे. तो ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया असू शकतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट मिटते. श्वास किमान 10 सेकंद थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. ताशी 5 ते 15 वेळा श्वास अडला तर आजार सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र मानतात. अशा माणसाचे सकाळी डोके दुखते, दिवसा पेंग येते, ब्लड प्रेशर वाढू शकते. तो रिक्षा किंवा ट्रक चालवत असेल तर ही पेंग जिवावर बेतते.

सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये यावरचा उपाय प्रसिद्ध केला. तो म्हणजे सीपॅप. हे मशीन खोलीतलीच हवा ओढून नळी आणि मास्कमधून थोड्या दाबाने आत सोडते. हा दाब घशाची वाट उघडी ठेवतो. पुष्कळांना वाटते की यात ऑक्सिजन असतो, पण तसे नाही.

साध्या सीपॅपमध्ये दाब रात्रभर एकच असतो. पण गरज एकसारखी नसते. उताणे झोपल्यावर, स्वप्नांच्या झोपेत किंवा नाक चोंदल्यावर जास्त दाब लागतो, कुशीवर वळल्यावर कमी पुरतो. ऑटो मशीन प्रत्येक श्वासाचा प्रवाह मोजते. प्रवाह आखडला किंवा घोरण्याची थरथर जाणवली की दाब हळूहळू वाढवते आणि श्वास सुरळीत झाला की उतरवते. दाब साधारण 4 ते 20 सेंटिमीटर पाण्याइतका असतो. त्यातली आपली हद्द डॉक्टर ठरवून देतात.

मग ऑटोच चांगले का? फायदा दोन्हींचा जवळपास सारखाच आहे. साधे मशीन बहुधा स्वस्त पडते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच पैसे घाला. हार्ट फेल्युअर, फुप्फुसाचा जुना आजार किंवा मेंदूकडूनच श्वासाचा इशारा न येणारा सेंट्रल ॲप्निया असेल, तर ऑटो मशीन योग्य नसू शकते. आधी स्लीप टेस्ट आवश्यकच.

जुने मशीन घेताना विशेष जपा. फोम झिजण्याच्या धोक्यामुळे फिलिप्स कंपनीने जून 2021 मध्ये आपली लाखो मशीन परत मागवली होती. शिवाय दुसऱ्याच्या मशीनवर दाबाची हद्द त्याचीच लावलेली असते.

मास्क मापाचा हवा. हवा गळत असेल तर मशीन चुकीचा अंदाज घेते. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी घालावे आणि रोज बदलावे, मास्क रोज धुवावा. दुपारची डुलकी असो की सेहरीनंतरची झोप, मास्क लावूनच झोपावे.

मशीन आजार मुळापासून काढत नाही, लावले तेवढ्या तासांपुरतेच काम करते. सुरुवातीला गुदमरल्यासारखे वाटून अनेकजण ते कपाटात ठेवून देतात. तसे करण्याआधी डॉक्टरांना मशीनमधली नोंद दाखवा. बऱ्याचदा मास्क बदलून किंवा दाब थोडा कमी-जास्त करून भागते.