विश्लेषण : रात्री ११ नंतर एसटीडी बूथबाहेर रांग का लागायची?

पिवळी पाटी, काचेची खोली आणि लाल आकडे पळवणारा मीटर. नव्वदच्या दशकाच्या आठवणींचे रील असले की त्यात एसटीडी-पीसीओ हमखास दिसतो. ‘तेव्हा माणसे मोजकेच पण मनापासून बोलायची’ ही त्याखालची ठरलेली प्रतिक्रिया. मोजके बोलायची हे खरे, पण त्याचे कारण मनापेक्षा मीटरमध्ये जास्त होते.

पैसे कसे मोजले जायचे?

एसटीडी म्हणजे ऑपरेटरच्या मदतीशिवाय थेट परगावी लागणारा फोन. देशात ही सोय १९६० मध्ये कानपूर-लखनऊ दरम्यान सुरू झाली. बिल पल्सवर आकारले जायचे. एका पल्सचा दर ठरलेला, पण तो किती सेकंद टिकणार हे अंतरावर अवलंबून. साताऱ्याहून पुण्याला फोन लावला तर पल्स लांब, दिल्लीला लावला तर अगदी आखूड. रात्री ११ नंतर मात्र दर पाव व्हायचा, म्हणजे तेवढ्याच पैशांत चौपट बोलणे. म्हणून वसतिगृहातली मुले, परगावी नोकरी करणारे जेवणे उरकून रांगेत उभे राहायचे. मागचा माणूस काचेवर टकटक करत असताना मनापासून किती बोलता येत असेल, हा प्रश्नच आहे.

या सवलतीत एक मेख होती. अनेकांच्या घरी फोनच नसायचा. शेजाऱ्यांचा ‘पीपी नंबर’ दिलेला असायचा. फोन लावायचा, ‘जरा आईला बोलावता का’ म्हणून ठेवायचा आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा. पैसे दोनदा. रात्री अकराला शेजाऱ्यांना उठवणार कोण? त्यामुळे स्वस्त दर ज्यांच्या घरी फोन होता त्यांच्याच वाट्याला आला.

बूथ गेले कुठे?

२००३ मध्ये मोबाइलवर इनकमिंग मोफत झाले. १ मार्च २००६ पासून बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ‘वन इंडिया’ योजनेत देशात कुठेही मिनिटाला १ रुपयात बोलता येऊ लागले. अंतराचा हिशेब संपला आणि त्याबरोबर बूथचा धंदाही. बूथ देताना दिव्यांगांना प्राधान्य होते. घराजवळ, बसून करता येणारे आणि रोज रोख पैसे देणारे काम त्यांच्या हातून गेले. कोणी झेरॉक्स मशीन घेतले, कोणी रिचार्ज विकू लागले, कोणी शटर ओढले. काही दुकानांवर ती पिवळी पाटी अजून आहे. आत मोबाइलची कव्हरे टांगलेली.