अल्प भांडवलाची मंगळयात्रा

सगळीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी मराठींत म्हण आहे. बोलपटाचा धंदा म्हणजे तर निव्वळ सोंगांचाच धंदा. तेव्हां या म्हणीची कसोटी तेथें रोजच लागते. त्यांतही ज्या बोलपटांतील माणसें पृथ्वी सोडून परग्रहावर जातात, त्याच्या निर्मात्याची अडचण विशेष मोठी. सामाजिक कथेस लागणारा रस्ता, बाग किंवा दिवाणखाना कोठेंतरी तयार सांपडतो. वैज्ञानिक अद्भुतकथेंत मात्र पायांखालची जमीनसुद्धां नव्यानें निर्माण करावी लागते. असें असूनही १९५० सालीं अमेरिकेंत ‘रॉकेटशिप एक्स-एम’ नांवाचा बोलपट सुमारे अठरा दिवसांच्या चित्रीकरणांत आणि सुमारे ९४,००० डॉलर खर्चांत पुरा झाला. त्याच्या घडणीकडे पाहिलें म्हणजे अल्प भांडवलाच्या बोलपटाचें शास्त्र बरेंच उलगडतें.

असे बोलपट निघत कां, हें प्रथम पाहिलें पाहिजे. १९३० नंतरच्या आर्थिक मंदींत तेथील बहुसंख्य चित्रगृहांत एका तिकिटांत दोन बोलपट दाखविण्याची प्रथा रूढ झाली. पहिला मोठ्या नटांचा व मोठ्या खर्चाचा. त्यास धंद्याच्या भाषेंत ‘ए’ म्हणत. दुसरा तोंडीं लावण्यापुरता, तो ‘बी’. पहिल्याच्या मालकास तिकीटविक्रींतील हिस्सा मिळे. दुसऱ्याच्या मालकास बहुधा ठरलेलें भाडें. प्रेक्षकांची कितीही गर्दी लोटली, तरी हें भाडें वाढत नसे. अर्थात् उत्पन्न आधींच निश्चित असल्यामुळें, नफा हवा तर खर्चच कमी करावा लागे. चित्रणाचा प्रत्येक वाढीव दिवस हा नफ्यांतून कापला जाई. ‘बी’ बोलपटाचे जे गुणदोष सांगितले जातात, त्यांपैकीं बहुतेकांचें मूळ या साध्या हिशेबांत आहे.

‘रॉकेटशिप एक्स-एम’ ज्याच्या कंपनीनें काढला, तो रॉबर्ट लिपर्ट हा मूळचा चित्रगृहांचा मालक. भाड्याचें हें गणित त्यास चांगलें अवगत होतें. त्याच सुमारास जॉर्ज पाल हा निर्माता ‘डेस्टिनेशन मून’ हा रंगीत बोलपट तयार करीत होता. त्याचा खर्च सुमारे सहा लक्ष डॉलरांच्या घरांत होता. पटकथा व शास्त्रीय सल्ला यांत रॉबर्ट हाइनलाइन या लेखकाचा हात होता, आणि चेस्ली बोनस्टेल या चित्रकारानें चंद्रभूमीचे देखावे रंगविले होते. या बोलपटाची जाहिरात आधींपासूनच गाजत होती. लोकांची उत्सुकता अशी आयती जागृत झालेली पाहून लिपर्टनें आपला बोलपट घाईनें उरकला, आणि मे १९५० मध्यें, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या सुमारे एक महिना आधीं, पडद्यावर आणला. दुसऱ्यानें नांगरलेल्या शेतांत आपलें पीक काढण्याचा हा प्रकार फारसा सोज्वळ नव्हता. पण धंद्याच्या दृष्टीनें तो अचूक होता.

लेखन, दिग्दर्शन व निर्मिति या तिन्ही जबाबदाऱ्या कुर्ट नॉयमान या एकाच गृहस्थाकडे होत्या. त्यामुळें वेळ वांचला. पडद्यावरील पुष्कळसा काळ चार पुरुष व एक स्त्री यानाच्या एका खोलींत बसून बोलत असतात. एक खोली, पांच माणसें आणि संभाषण यांहून स्वस्त सामग्री बोलपटास दुसरी नाहीं. उड्डाणाच्या दृश्यांसाठीं व्ही-२ या जर्मन अग्निबाणाच्या उड्डाणाचीं तयार चित्रें वापरण्यांत आलीं. मंगळावर उतरतांना अवकाशपोषाखाऐवजीं साधीं जाकिटें व श्वसनाचे मुखवटे यांवर भागविलें आहे.

या काटकसरीची झळ शास्त्रास लागलीच. अवकाशांत वायु नसल्यामुळें ध्वनि ऐकूं येणें अशक्य. येथें उल्का घोंगावत जातात. वजन नाहींसें होतें तें कांहीं हलक्या वस्तूंचें. माणसें मात्र जमिनीवर चालावें तशीं चालतात. प्रतिस्पर्ध्यानें नटांना तारांनीं टांगून तरंगत ठेविलें होतें. येथें तो खटाटोप टाळला आहे. शाळेंतील चौकस विद्यार्थ्यासही या चुका दिसतील, आणि त्या चुका नव्हेतच असें म्हणण्यांत अर्थ नाहीं.

परंतु या बोलपटाचा निर्णायक भाग निराळाच आहे. यान चंद्राकडे निघतें, वाटेंत त्याची गति हाताबाहेर जाते, आणि तें मंगळावर जाऊन पोंचतें. बोनस्टेलच्या चंद्राशीं बरोबरी करणें लिपर्टच्या ऐपतींत नव्हतेंच. मंगळ मात्र तयार मिळण्याजोगा होता. कॅलिफोर्नियांतील डेथ व्हॅली या वाळवंटांतील ओसाड टेकड्या हाच त्याचा मंगळ. बोलपट कृष्णधवल, केवळ मंगळावरील दृश्यांस तांबूस छटा देण्यांत आली. छायाचित्रकार कार्ल स्ट्रस हा १९२७ च्या ‘सनराइज’ या मूकपटासाठीं ऑस्कर पारितोषिकाचा एक मानकरी ठरलेला होता. संगीत फर्डी ग्रोफे या नामांकित संगीतकाराचें, आणि त्यांत हात न लावतां वाजविल्या जाणाऱ्या थेरेमिन या विद्युत्-वाद्याचा कंपित स्वर. सेटवर वांचलेला पैसा कोठें लावावा, याचा विचार येथें स्पष्ट दिसतो. डोळस छायाचित्रकार आणि जाणता संगीतकार उजाड टेकडीसही परग्रह बनवूं शकतात. महागडा सेट निष्काळजी हातीं पडला तर तो पुठ्ठ्याचाच राहतो.

मंगळावर प्रवाशांना काय आढळतें? भग्न अवशेष, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राचा इशारा, आणि रानटी अवस्थेस पोंचलेले, भाजलेले, आंधळे झालेले थोडे जीव. एका प्रगत संस्कृतीनें अणुयुद्धांत स्वतःचा नाश करून घेतला होता. वैभवशाली मंगळनगरी उभारण्यास लाखो डॉलर लागले असते. उद्ध्वस्त नगरीस वाळवंट आणि चार अवशेष पुरे झाले. परंतु ही कल्पना केवळ स्वस्त म्हणून सोडून देतां येत नाहीं. हिरोशिमावर बाँब पडून तेव्हां पांच वर्षेंही झालीं नव्हतीं, आणि ऑगस्ट १९४९ मध्यें सोव्हिएत रशियानें आपल्या अणुबाँबची पहिली चांचणी केली होती. त्या घटकेस एका दुय्यम बोलपटानें प्रेक्षकांस मंगळ दाखविण्याच्या मिषानें त्यांचीच पृथ्वी दाखविली.

शेवटही असाच कठोर आहे. दोघे सोबती मंगळावर मारले जातात. उरलेले तिघे परततात, पण इंधन अपुरें पडून यान पृथ्वीवर आदळतें आणि कोणीही वांचत नाहीं. नायक-नायिकेसह सर्वांचा अंत करावयाचा, असें धाडस मोठ्या भांडवलाच्या बोलपटास सहसा मानवत नाहीं. गुंतलेली रक्कम परत मिळावयाची तर प्रेक्षकास आनंदांत घरीं धाडणें भाग असतें. ज्याचें थोडेंच जावयाचें आहे, त्यास अप्रिय गोष्ट बोलण्यास थोडी अधिक मोकळीक असते.

यावरून दारिद्र्य हा कलेचा गुण आहे असा निष्कर्ष काढूं नये. अशाच घाईनें निघालेले कित्येक बोलपट आज कोणास आठवतही नाहींत, आणि ‘डेस्टिनेशन मून’ यास दृश्यकरामतीबद्दल मिळालेलें ऑस्कर पारितोषिक यथायोग्यच होतें. पैशाचें सोंग लिपर्टच्या बोलपटासही आणतां आलें नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत त्याची नवी प्रत सिद्ध झाली, तेव्हां उधार घेतलेल्या कित्येक दृश्यांच्या जागीं नवीं दृश्यें बसविण्यांत आलीं. कथेस मात्र कोणी हात लावला नाहीं. तांबूस मंगळ, तेथील मुके अवशेष आणि त्यांतून मिळणारा इशारा हीं जशींच्या तशींच राहिलीं.