बिदागी कोणाला, गाणे कोणाचे?

एप्रिल जवळ आला की सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळ्यासारख्या गावात वर्गणीचे पुस्तक फिरू लागते. आणि त्याबरोबर वादही सुरू होतो : गायन पार्टी आणायची की डीजे? पोरे म्हणतात, पार्टी ऐकायला आता बसते कोण? वडीलधारे विचारतात, त्या दणदणाटात बाबासाहेब कुठे सापडतात? आम्हाला दोघांचेही पटते, आणि दोघांचेही पुरते पटत नाही.

सिनेमाची चाल घेतली म्हणून गाणे बाटत नाही, हे आधी सांगू. सिन्नर तालुक्यातील देशवंडीला १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक मुंबईत मोठेपणी अक्षरे शिकले. १९४३ साली त्यांनी रचलेले पहिले गीत हिंदी सिनेमाच्या गाण्याचे विडंबनच होते. चाल लोकांच्या कानात आधीच बसलेली असे. तिच्यावर ते आपले शब्द चढवत आणि शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफत.

आमचा राग आहे तो चाल उसनी आणि विचारही उसना, अशा गाण्यांवर. भीमाचे नाव काढून दुसरे कोणतेही नाव घातले तरी ज्याचे काही बिघडत नाही, ते भीमगीत कसले?

प्रल्हाद शिंदेंनी भीमगीते गायिली, आणि विठ्ठलाची, गणपतीचीही गायिली. त्यावरून त्यांना नावे ठेवणारे आम्ही पाहिले आहेत. कंपनी दुकान मांडून बसलेली, खपेल तेच मागणार. आणि आपण? १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. फार तर एखादे लग्न, नामकरण, गृहप्रवेश. उरलेल्या दिवसांत कलावंताची चूल कशावर पेटायची, हे विचारायला कोण जाते? २००४ साली मे महिन्यात वामनदादा गेले, जूनमध्ये प्रल्हाददादा गेले. तेव्हा श्रद्धांजलीच्या सभा आपण भरपूर घेतल्या. विठ्ठल उमपांनी ‘टिंग्या’सारख्या सिनेमात काम केले, तरी २०१० साली नागपुरात अखेरचा श्वास घेतला तो समाजाच्याच मंचावर.

डीजेवाला आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय गाडी हलवत नाही. त्याला कोणी कमी घे म्हणत नाही. पेटी-ढोलकीवाल्याला मात्र आपण ‘समाजाचे काम आहे, सांभाळून घ्या’ म्हणतो आणि शाल पांघरतो. शाल शिजवून खाता येत नाही. मग तोही उद्या खपेल तेच गाणार, आणि दोष देणार आपण.

मिरवणुकीत डीजे वाजू द्या, आम्ही मोडता घालत नाही. पण त्यावर गाणे अर्ध्यातच बदलते, वामनदादांचे नाव असलेले शेवटचे कडवे येतच नाही. तेराच्या रात्री पार्टी बसवा. सबंध गाणे म्हणायला सांगा, कवीचे नाव घ्यायला लावा. आणि ठरलेली बिदागी पेटी उघडण्याआधी हातात द्या, नारळ नंतर.