पिकअपचे चाक : मोठे टाकावे की आहे तेच ठेवावे?

मंडळी, पावसाळा उतरणीला लागून पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो यायला लागला, की पिकअपच्या रांगा लागतात. रांगेत उभा राहिलेला माणूस करणार तरी काय? शेजारच्याची गाडी न्याहाळतो. एखाद्या गाडीला चांगले रुंद, उंच टायर दिसतात, गाडी अंगाने भरलेली वाटते. मालक सांगतो, "एक माप मोठं टाकलंय, आता चिखलात अडकायचं काम नाही." झालं! पुढच्या आठवड्यात हा आपला टायरवाल्याच्या दारात उभा.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने असेच चारही टायर बदलले. जुने टायर निम्मेसुद्धा झिजले नव्हते, ते मिळेल त्या भावाला देऊन टाकले. पहिल्याच जोरदार पावसात मळ्यातून निघालेली गाडी डांबरी रस्त्यापासून शंभर पावलांवर रुतली. वर साठ क्रेट माल, म्हणजे बारा क्विंटल. ट्रॅक्टर आणून गाडी ओढून काढेपर्यंत लिलाव उरकला होता. मग तो आम्हाला विचारायला आला की, टायर तर मोठे टाकले, चुकले कुठे?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आपल्या आजोबांच्या लाकडी बैलगाडीचे चाक चांगले उंच असायचे. उंच चाक दगडावर, खड्ड्यातून सहज चढते, बैलाच्या मानेवर ओढ कमी येते, हे त्यांना पुस्तक न वाचता ठाऊक होते. पण त्याच चाकाची लोखंडी धाव अरुंद. काळ्या रानात ती सुरीसारखी आत जायची आणि चाकोऱ्या पडायच्या. पुढे टायरगाडी आली. तिचे चाक लाकडी चाकापेक्षा कितीतरी बुटके, तरी त्याच बैलांनी जास्त ऊस ओढला. कारण रबर पसरून बसते, मातीत घुसत नाही. म्हणजे चाकाची उंची हा हिशेबाचा एक भाग झाला, सगळा हिशेब नव्हे.

आता तुमच्या गाडीकडे या. सातबारा वाचतो तसा टायर वाचायला शिका. समजा टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिले आहे. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतची रबराची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आणि १५ म्हणजे रिम १५ इंची. सगळे मिळून चाक भरते साधारण ७० सेंटीमीटर उंच.

आमच्या दोस्ताने त्याच १५ इंची रिमवर २३५/७५ चे टायर चढवले. त्याची उंची सुमारे ७३ सेंटीमीटर. चाक तीन सेंटीमीटरने वाढले. पण कणा चाकाच्या मध्यावर असतो, त्यामुळे गाडीचे पोट उचलले गेले फक्त दीड सेंटीमीटर. करंगळीच्या जाडीएवढे! चिखलाची चाकोरी वीतभर खोल असेल, तर या दीड सेंटीमीटरने काय होणार?

आणि त्या करंगळीची किंमत बघा. चाकाचा घेर चार टक्क्यांहून थोडा अधिक वाढला. इंजिन तेच, गिअर तेच, पण आता एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते. म्हणून चाकाशी ओढ तेवढ्याच टक्क्यांनी कमी मिळते. सायकलला मागची दातेरी चकती लहान केल्यासारखे. सपाट रस्त्यावर जाणवत नाही. पण भरली गाडी मळ्याच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये उचलताना क्लच जास्त घासतो. ब्रेकचेही तसेच. ब्रेक तेवढाच, चाक मोठे, म्हणून तेवढीच गाडी थांबवायला पाय थोडा जास्त दाबावा लागतो. चार टक्के म्हणजे फार नाहीत, हे कबूल. पण मुंबईकडे माल नेताना कसारा घाटाच्या उतारावर, वर हक्कापेक्षा जास्त माल आणि ब्रेक तापलेले, अशा वेळी चार टक्के कमीही नसतात.

मीटर मात्र सरळ खोटे बोलू लागते. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२ च्या पुढे असते. गाडी खरोखर १००० किलोमीटर धावते, तेव्हा मीटरवर पडतात सुमारे ९५९. किलोमीटरवर भाडे घेणाऱ्याचे ४१ किलोमीटर गेले. सरपंच मंडळींनी आणि पंचायतीच्या अधिकाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. घंटागाडीचे टायर बदलले आणि लॉगबुकात डिझेलचा मेळ बसेना, की पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. कधी कधी चोर टायर असतो.

दुसरा प्रकार हौसेचा. बाहेरून उंची तेवढीच ठेवायची, पण रिम मोठी, चकचकीत अलॉयची. वरच्या हिशेबात १५ च्या जागी १७ इंची रिम आणि २२५/६० चा टायर घेतला, तर बाहेरची उंची जवळजवळ सारखीच राहते. मीटर बिघडत नाही, दिसायला झकास. पण रबराची उंची १६१ वरून १३५ मिलिमीटरवर येते. खड्डा बसल्यावर धक्का खाणारे हे रबरच. ते कमी झाले की मार रिमवर आणि पाट्यांवर जातो. लग्नाच्या वऱ्हाडाला ही गाडी शोभते. कांदा भरून चांदवडच्या आडरस्त्याने लासलगावला जाणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग टायर बघताना बघायचे काय? आमच्या मते मापाच्या पुढे लिहिलेला आकडा. दुकानात त्याकडे क्वचितच कुणी बघतो. तो टायरच्या वजन पेलण्याचा आकडा असतो. १०० लिहिले असेल तर एक टायर पुऱ्या हवेवर ८०० किलो पेलतो. १०५ असेल तर ९२५ किलो, १०९ असेल तर १०३० किलो. मालवाहू टायरवर दोन आकडे तिरप्या रेघेने दिलेले असतील, तर पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडचाक असेल तेव्हाचा. आता बघा, १०९ चा टायर काढून १०० चा रुंद टायर टाकला, तर मागच्या दोन चाकांची ताकद ४६० किलोंनी घटली. दिसायला टायर मोठा, पेलायला लहान! जीपगाड्यांचे टायर पिकअपला चढवणारे नेमके इथेच फसतात. भरल्या गाडीचे जास्त वजन मागच्या कण्यावर असते, आणि टायर फुटला की माल रस्त्यावर जातोच, माणूसही जाऊ शकतो.

चिखलाचे म्हणाल, तर निफाडच्या काळ्या मातीत उंचीपेक्षा नक्षीचे काम जास्त. गुळगुळीत किंवा बारीक नक्षीच्या टायरात माती भरली की त्याचा लाडू होतो आणि चाक जागेवर फिरते. मोकळ्या, खोल खाचांची नक्षी माती झटकून टाकते. ती मागच्या जोडीला तरी हवीच, कारण बहुतेक पिकअपला जोर मागच्या चाकांचा असतो. डांबरी रस्त्यावर हीच नक्षी आवाज करते आणि लवकर झिजते, हेही आधीच समजून घ्यावे. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिलेला टायर कायद्यानेही चालत नाही. आणि मातीत तर तो त्याच्या कितीतरी आधी निरुपयोगी होतो. आमच्या दोस्ताचे नवे टायर रुंद होते, पण शहरी रस्त्याच्या बारीक नक्षीचे. रुतला तो त्याने.

हवेबद्दल तर सांगायलाच नको, तरी सांगतो. दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात रिकाम्या आणि भरल्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असते. सकाळी, टायर थंड असताना मोजा. अडकल्यावर थोडी हवा सोडून गाडी बाहेर काढण्याची युक्ती जुनी आहे आणि चालतेही, पण बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय माल घेऊन पळू नका. कमी हवेचा टायर तापतो आणि फुटतो. (नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला एवढे सांगा की, फुकटच्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.)

लहान चाकाला नावे ठेवायचे कारण नाही. टाटाचा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ साली आला तो १२ इंची रिमवर. त्याचे चाक जेमतेम ५४ सेंटीमीटर भरते. खड्ड्यात ते जास्त आदळते, दगडावर चढायला जास्त जोर मागते. पण गावठाणातल्या बोळात ते वळते, आणि हौदा खाली असल्याने क्रेट चढवणाऱ्या बाईच्या कमरेला आराम मिळतो. पंचायतीला कचऱ्यासाठी गाडी घ्यायची असेल आणि गावात काँक्रीटचे रस्ते असतील, तर मोठ्या चाकाचा हट्ट कशाला? उलट पेठ-सुरगाण्याकडच्या दगडगोट्यांच्या वाटेवर रोज जायचे असेल, तर मूळचीच उंच चाकाची गाडी घ्या. लहान चाकाची घेऊन ती मोठी करत बसू नका.

कंपनीने तुमच्याच मॉडेलला दोन मापे मान्य केलेली असतील, तर मोठे माप खुशाल टाका. गाडीच्या पुस्तकात ते लिहिलेले असते. तेही चढवून झाल्यावर भरल्या गाडीचे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. रिकाम्या गाडीला न घासणारा टायर पाटे दबल्यावर मडगार्डला घासतो. पुस्तकात नसलेले माप असेल, तर कायदाही आड येतो. मालवाहू गाडीच्या नोंदणी अर्जात पुढच्या-मागच्या कण्यावरच्या टायरांची संख्या आणि माप लिहिलेले असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जादा मालाचा दंड वेगळा, वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. टायर मोठे केले म्हणून माल वाहण्याची परवानगी किलोभरही वाढत नाही.

एक राहिलेच, स्टेपनी. चार टायर मोठे टाकले आणि स्टेपनी जुनीच ठेवली, असे पुष्कळजण करतात. मग मागचे चाक पंक्चर झाले की एका कण्यावर एक उंच, एक बुटके चाक येते आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला सतत घासत राहावे लागते. आमच्या दोस्ताने आता जुन्या मापाचे, १०९ आकड्याचे, मोकळ्या नक्षीचे दोन टायर मागे टाकलेत. पुढचे दोन आणि स्टेपनी बदलायला द्राक्षाचे पैसे यायची वाट बघतोय. तोवर मळ्यातून माल डोक्यावर वाहून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात, आणि गाडी तिथेच भरतात.