बंदिवासांतील आनंद

दुःख कोणालाच नको असतें. घरांत मूल तापानें फणफणलें असो, कीं कर्ता पुरुष परगांवीं अडकून पडला असो, आलेलें संकट टळावें अशीच इच्छा मनुष्य करतो, आणि ती स्वाभाविक आहे. म्हणून "धर्मासाठीं दुःख सोसण्यांत आनंद आहे" असें कोणी म्हणूं लागला, तर ऐकणाराच्या मनांत शंका येते. हें बोलणें खरें, कीं केवळ शोभेचें? आणि शोभेचें नसेल, तर हा मनुष्य दुःखालाच भुलला आहे काय? ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काळांतील लिखाणांत दुःख आणि आनंद हे दोन शब्द वारंवार जवळजवळ येतात. ते कोणीं लिहिले, कोठें बसून लिहिले आणि कोणाला लिहिले हें पाहिलें म्हणजे त्यांचा अर्थ उलगडूं लागतो.

मासेदोनिया प्रांतांत फिलिप्पै नांवाची रोमन वसाहत होती. इ. स. ५० च्या सुमारास प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला तेथें गेले. एका दासीच्या भविष्यकथनावर तिचे धनी पैसा मिळवीत असत. पौलामुळें तो धंदा बसला, तेव्हां धन्यांनीं त्या दोघांना अधिकाऱ्यांपुढें ओढून नेलें. रीतसर चौकशी न होतां त्यांना छड्यांचा मार बसला, आणि पाय खोड्यांत अडकवून त्यांना आंतल्या कोठडींत टाकण्यांत आलें. मध्यरात्रीं ते दोघे प्रार्थना करीत होते, स्तोत्रें गात होते, आणि इतर बंदिवान तें ऐकत होते, अशी हकीकत 'प्रेषितांचीं कृत्यें' या ग्रंथांत आहे. पुढें भूकंप होऊन दारें उघडलीं, पण ते पळाले नाहींत. बंदिवान निसटले असें समजून बंदिशाळेच्या नायकानें स्वतःचा घात करण्यासाठीं तलवार उपसली, तेव्हां पौलानें हांक मारून त्याला थांबविलें. त्याच रात्रीं त्या नायकानें त्यांच्या जखमा धुतल्या आणि त्यांना घरीं नेऊन जेवूं घातलें.

कांहीं वर्षांनीं पौल पुन्हां बेड्यांत होता. परंपरेप्रमाणें तें ठिकाण रोम; कांहीं अभ्यासक इफिस हें नांव सुचवितात. तेथून त्यानें फिलिप्पै येथील मंडळीला एक लहानसें, चार अध्यायांचें पत्र पाठविलें. आपला खटला कोणत्या बाजूस जाईल, जीव राहील कीं जाईल, हें त्या वेळीं त्याला ठाऊक नव्हतें. तरी त्या पत्रांत आनंद हा शब्द पुनः पुनः येतो. हा आनंद कसला? कोठडी सुखाची होती असें तो कोठेंही म्हणत नाहीं. त्याचें म्हणणें इतकेंच कीं, आपल्या बेड्यांमुळें सुवार्तेचें काम थांबलें नाहीं, उलट पहाऱ्यावरच्या शिपायांपर्यंत ती जाऊन पोंचली, आणि बाहेरच्या भित्र्या बांधवांना धीर आला. म्हणजे आनंद बेडीचा नव्हे. बेडी फुकट गेली नाहीं, याचा तो आनंद आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुःख हें चांगलें, म्हणून तें ओढवून घ्यावें, असा या शिकवणीचा अर्थ नाहीं. फिलिप्पै येथें दुसऱ्या दिवशीं सकाळीं अधिकाऱ्यांनीं बंदिवानांना गुपचूप सोडून देण्याचा हुकूम पाठविला, तेव्हां आपण रोमन नागरिक आहों व आपणांला बेकायदा मारहाण झाली आहे, असें पौलानें स्पष्ट सांगितलें आणि अधिकाऱ्यांना स्वतः तेथें यावयास लावलें. अन्याय हा अन्यायच, असें तो म्हणाला. दुसऱ्या शतकांत स्मुर्णा येथील वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प याला पकडण्यासाठीं लोकांनीं ओरड केली, तेव्हां तो मित्रांच्या आग्रहावरून शहराबाहेरच्या मळ्यांत जाऊन राहिला होता. त्याच सुमारास क्विंतुस नांवाचा एक मनुष्य आपण होऊन अधिकाऱ्यांपुढें गेला, आणि श्वापदें पाहतांच त्याचा धीर सुटला. स्मुर्णाच्या मंडळीनें ही हकीकत पत्रांत लिहून ठेवली आणि असें आपण होऊन पुढें जाणें आपणांस पसंत नाहीं, हेंही लिहिलें. पेत्राच्या पहिल्या पत्रांत तर आणखी एक भेद केलेला आहे: चोरीसाठीं किंवा दुसऱ्याच्या कामांत ढवळाढवळ केल्याबद्दल शिक्षा झाली, तर त्यांत कसलेंच भूषण नाहीं. तात्पर्य, दुःख शोधावयाचें नाहीं, आपल्या दोषाचें फळ धर्माच्या माथीं मारावयाचें नाहीं, आणि टाळतां येत असेल तर तें टाळण्यांत कमीपणाही मानावयाचा नाहीं. मात्र टाळण्यासाठीं सत्य सोडावें लागत असेल, तेथें प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न इ. स. २०३ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज शहरीं एका तरुण स्त्रीपुढें उभा राहिला. तिचें नांव पर्पेतुआ. वय सुमारें बावीस वर्षें, घराणें चांगलें, शिक्षण उत्तम, आणि पदरीं तान्हें मूल. ती व तिचे सोबती अजून ख्रिस्ती धर्माचे शिक्षणार्थीच होते. अटकेंत असतांनाच त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुरुंगांतील दिवसांची हकीकत तिनें स्वतः लॅटिन भाषेंत लिहून ठेवली. ख्रिस्ती स्त्रीनें लिहिलेल्या आज उपलब्ध असलेल्या लिखाणांत तें अगदीं जुन्यांपैकीं आहे, आणि त्यांत बडेजाव नांवाला नाहीं.

आपण प्रथम घाबरलों, असें ती लिहिते. इतका अंधार तिनें कधीं पाहिला नव्हता. गर्दीमुळें उष्मा असह्य झाला होता, शिपाई पैशासाठीं त्रास देत होते, आणि सर्वांत मोठी काळजी बाळाची. तें भुकेनें व्याकूळ झालें होतें. तेव्हां तेर्तियुस व पोंपोनियुस या दोघां सेवकांनीं पहारेकऱ्यांना पैसे देऊन बंदिवानांना कांहीं तास तुरुंगाच्या बऱ्या भागांत नेण्याची सोय केली. तेथें तिनें मुलाला पाजलें. पुढें मूल जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली, आणि मग तिला तो तुरुंग राजवाड्यासारखा वाटूं लागला. एवढ्या मोठ्या संकटांत आनंदाचा पहिला किरण आला तो कसा, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कोणीतरी मदत आणली, आणि बाळ पोटभर दूध प्यालें.

तिचा पिता ख्रिस्ती नव्हता. तो वारंवार येऊन विनवणी करीत असे. एकदां तिनें जवळचें भांडें दाखवून विचारलें, याला भांड्यावांचून दुसरें नांव देतां येईल काय? तसेंच आपणांलाही ख्रिस्ती याखेरीज दुसरें नांव घेतां येत नाहीं, असें तिचें उत्तर. पित्यानें आपल्या पिकल्या केसांची शपथ घातली, तिचे हात चुंबिले, पायांवर लोळण घेतली. चौकशीच्या वेळीं तो नातवाला कडेवर घेऊन पुढें आला. अधिकारी हिलारियानुस यानेंही बापाच्या म्हातारपणावर आणि मुलाच्या बाळपणावर दया कर, असें तिला सांगितलें. ती ढळली नाहीं. मग त्या अधिकाऱ्यानें म्हाताऱ्याला हटविण्यासाठीं छडी मारविली, आणि तो घाव आपल्यालाच बसल्यासारखें आपणांस दुःख झालें, असें तिनें नोंदलें आहे. तिच्या आनंदानें बापाचें दुःख पुसून गेलें नाहीं, आणि तें पुसलें गेलें असें तिनें भासविलेंही नाहीं.

तिच्याबरोबर फेलिसितास नांवाची एक दासी होती. तिला आठवा महिना लागला होता. गर्भवती स्त्रीला देहदंड देऊं नये असा रोमन कायदा असल्यामुळें आपण मागें राहूं आणि पुढें अनोळखी गुन्हेगारांबरोबर एकटें मरावें लागेल, ही तिला भीति. खेळांच्या आधीं ती प्रसूत झाली. वेणा असह्य होऊन ती ओरडली, तेव्हां एक पहारेकरी म्हणाला, आतांच ही गत, मग श्वापदांपुढें काय करशील? तिनें दिलेल्या उत्तराचा आशय असा: आतांचें दुःख माझें मीच सोसतें आहें, तेथें मात्र माझ्यासाठीं सोसणारा दुसरा कोणी माझ्या ठायीं असेल, कारण मीही त्याच्यासाठींच सोसणार. तिची मुलगी एका ख्रिस्ती भगिनीनें आपली म्हणून वाढविली.

परंपरेप्रमाणें ७ मार्च रोजीं त्या सर्वांना रंगणांत नेण्यांत आलें. एका उन्मत्त गाईनें पर्पेतुआला उधळून टाकलें. ती उठून बसली, फाटलेलें वस्त्र नीट केलें, आणि सुटलेले केस पुन्हां बांधले. मोकळे केस हें शोकाचें चिन्ह समजत. आपल्या मानाच्या घटकेला आपण शोक करीत आहों असें कोणाला वाटूं नये, हा तिचा हेतु. आपल्याकडेही या चिन्हाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाहीं. मग ती फेलिसितासकडे गेली आणि हात देऊन तिला उठविलें. कुलीन घरची कन्या आणि दासी अशा दोघी शेजारीं शेजारीं उभ्या राहिल्या. तुरुंगाचा अंमलदार पुदेन्स हा या लोकांची वागणूक पाहून तोंपर्यंत स्वतः श्रद्धावान झाला होता. दोनशें वर्षांनीं ऑगस्टिन यानें त्यांच्या स्मृतिदिनीं प्रवचनें केलीं.

या हकीकतींत आनंदाचीं तीन मुळें दिसतात. पहिलें, आपण एकटे सोसत नाहीं, ख्रिस्त आपल्याबरोबर सोसतो, हा विश्वास. दुसरें, सोबत्यांची संगत. दासीची भीति मरणाची नव्हती, एकटेपणाची होती. तिसरें, आपल्या दुःखाचा कोणाला तरी उपयोग होतो हें ज्ञान. यांपैकीं एकही मूळ खुद्द वेदनेंत नाहीं. वेदना ही वेदनाच राहते.

प्रत्येक वेळीं रंगण आणि श्वापदें लागतात असें नाहीं. महाराष्ट्रांत कवि नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांचें घर दुभंगलें. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं तो निर्णय घेतलेला नव्हता. तरी कांहीं वर्षांचा वियोग, लोकांचें बोलणें आणि लहान मुलाची जबाबदारी त्यांच्या वांट्याला आली. त्या काळांत त्यांना बहिणीच्या घरचा आधार मिळाला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रें' या आत्मकथेंत त्यांनीं हें सारें निर्मळपणें, कित्येकदां स्वतःलाच हंसून, सांगितलें आहे. पुढें त्या पतीकडे परतल्या, स्वतःच्या विचारानें जातिभेद सोडला आणि १९०० सालीं ख्रिस्ती झाल्या. १९१९ सालीं टिळक वारले, त्यानंतर त्यांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें. एकाच्या श्रद्धेचा भार दुसऱ्यावर कसा पडतो, हें कार्थेजच्या त्या म्हाताऱ्या पित्याप्रमाणेंच या आत्मकथेंतही दिसतें. श्रद्धेच्या गौरवकथा सांगतांना हा दुसरा मनुष्य वगळूं नये.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. दुःखांत आनंद आहे, हें वाक्य बोलण्याचा अधिकार ज्यानें दुःख सोसलें त्यालाच आहे. पौल तें बेड्यांत बसून म्हणतो, पर्पेतुआ तें अंधाऱ्या कोठडींत लिहिते. बाहेर सुखानें बसलेल्यानें तें आंतल्याला ऐकवूं लागावें, हा निर्दयपणा होय. बाहेरच्याचें काम वेगळें आहे. पौलाचें तें पत्र मुळांत आभाराचें पत्र आहे; फिलिप्पैच्या मंडळीनें एपफ्रदीत नांवाच्या गृहस्थाच्या हातीं त्याला मदत पाठविली होती, आणि त्या कामांत एपफ्रदीत मरणाच्या दारीं जाऊन आला होता. 'इब्री लोकांस पत्र' या ग्रंथांत बंदिवानांची आठवण जणूं आपणही त्यांच्याबरोबर बेड्यांत आहों अशी ठेवावी, असा उपदेश आहे. आनंदी रहा असें त्यांना कळवा, असा नाहीं.

आजही कांहीं देशांत ख्रिस्ती लोकांना, आणि इतर धर्मांच्या लोकांनाही, श्रद्धेपायीं तुरुंगवास, हद्दपारी किंवा आप्तांचा वियोग सोसावा लागतो. त्यांच्यापैकीं कोणी आनंदाची भाषा बोलला, तर ती आदरानें ऐकावी. कोणी नुसता रडला, तर त्याची श्रद्धा उणी आहे असें समजूं नये. आणि दोघांच्याही बाबतींत तेर्तियुस व पोंपोनियुस यांनीं केलें तें करावें. ते त्या अंधारांतल्या आईला उपदेश करण्यास गेले नव्हते. दारावरच्या शिपायाला पैसे देऊन त्यांनीं तिला कांहीं तास मोकळ्या हवेंत नेलें, म्हणून तिचें मूल जगलें.