पिल्लांची विष्ठा : पांढरं दिसलं की हगवण नव्हे

पिल्लं आणून दोन दिवस होत नाहीत तोच घरातलं कुणीतरी म्हणतं, "पांढरं शिटतायत, हगवण लागली." मग मागच्या वेळची उरलेली औषधाची पुडी पाण्यात पडते. खरं तर तो पांढरा भाग म्हणजे पिल्लाची लघवी. पक्ष्यांना लघवीची वाट वेगळी नसते. शरीराला नको असलेलं नत्र ते युरिक आम्लाच्या पांढऱ्या लगद्याच्या रूपात विष्ठेबरोबरच टाकतात. तपकिरी-हिरवट गोळी आणि वर पांढरी टोपी, असं दिसलं तर पिल्लू ठीक आहे.

अधूनमधून काकवीसारखी चिकट, घाण वासाची विष्ठा पडते, तीही हगवण नव्हे. कोंबडीला दोन अंधांत्रं असतात आणि ती दिवसातून काही वेळा रिकामी होतात. साधारण आठ-दहा वेळा शिटल्यावर एकदा असं दिसणारच.

'पांढरी हगवण' नावाचा खरा रोग आहे, तो साल्मोनेला पुलोरम या जंतूचा. तो बहुधा जंतू बाळगणाऱ्या कोंबडीच्या अंड्यातून पिल्लात येतो. पिल्लं पंख गाळून बसतात, खाणं सोडतात आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एकामागून एक दगावतात. औषधाने वाचलेली कोंबडीही पुढे जंतू बाळगून राहते, म्हणून तिची अंडी उबवायला ठेवू नयेत.

मात्र मागच्या बाजूला विष्ठा चिकटलेलं प्रत्येक पिल्लू पुलोरमचं नसतं. प्रवासाचा ताण, गारठा, बल्बची जास्त आच, पाणी न मिळणं, एवढं पुरतं. पण वाट बुजली तर पिल्लू मरतं, त्यामुळे ते तसंच सोडायचं नाही. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्या जागी धरा, थर मऊ होऊ द्या, मग हलकेच पुसा. कोरडा थर ओढला तर कातडी सोलून येते. विष्ठेच्या वाटेच्या थोडं खाली, पोटाकडे, बेंबीची खपली असते. ती घाण समजून खरवडू नका. पुसलेलं पिल्लू कोरडं करून उबेत सोडा आणि ब्रूडरचं तापमान बघा. पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात: बल्बखाली गठ्ठा करून बसली तर थंडी, लांब जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर उष्मा.

विष्ठेत रक्त दिसलं की "उष्णता झाली" म्हणून थंड काहीतरी पाजायची आपल्याकडे सवय. एखाद्या तरतरीत पिल्लाच्या विष्ठेत कधीतरी लालसर तंतू दिसला तर तो आतड्याचं सुटलेलं अस्तर असू शकतो. पण तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लात उघड रक्त म्हणजे बहुधा रक्ती हगवण, म्हणजेच कॉक्सिडिओसिस. आयमेरिया नावाचा परजीवी आतड्याचं अस्तर फोडतो, त्याची एक जात थेट अंधांत्रात. त्याची ताज्या विष्ठेतली बीजं लगेच लागण करत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात. म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोजच्या रोज काढणं हे कुठल्याही पुडीपेक्षा मोठं काम. साधं फिनाईल या बीजांना फारसं काही करत नाही. पशुवैद्यक बहुधा अ‍ॅम्प्रोलियम देतात. ते ब-1 जीवनसत्त्वासारखं दिसतं आणि परजीवीला त्या जीवनसत्त्वावाचून उपाशी मारतं. म्हणून त्याच वेळी हौसेने ब-1 असलेलं टॉनिक पाजलं तर औषधावर पाणी पडतं.

हिरवी विष्ठा म्हणजे मानमोडी (राणीखेत), हेही अर्धंच खरं. पिल्लू उपाशी असलं तरी पित्तामुळे विष्ठा हिरवी येते, कोवळा पाला खाल्ला तरी येते. हिरव्या पातळ विष्ठेबरोबर धाप, मान वाकडी होणं, लुळेपणा असेल तर मात्र राणीखेतची शंका घ्यावी. त्याची लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. रोग आल्यावर तिचा इलाज म्हणून उपयोग नाही.

मेलेलं पिल्लू उकिरड्यावर टाकू नका. बर्फाच्या पिशवीत ठेवून लवकर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. शवविच्छेदनात नुसत्या डोळ्यांनीही बरंच कळतं. आणि धडधाकट पिल्लाच्या विष्ठेतही माणसाला बाधणारा साल्मोनेला असू शकतो, तेव्हा पिल्लांशी खेळून आलेल्या मुलांचे हात आधी साबणाने धुवा, मग ताट वाढा.