पत्नीचा सल्ला आणि ख्रिस्ती पती

पवित्र सप्ताहात आपण प्रभू येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत भक्तिभावाने ऐकतो. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील वृत्तांतात एक लहानसा प्रसंग आहे, जो इतर तीन शुभवर्तमानांत आढळत नाही. पिलात न्यायासनावर बसलेला असताना त्याच्या पत्नीने त्याला निरोप धाडला, की त्या नीतिमान माणसाच्या वाटेस आपण जाऊ नये, कारण त्याच्यामुळे तिला स्वप्नात फार क्लेश झाले होते (मत्तय २७:१९). पिलाताने त्या दिवशी मुख्य याजकांचे ऐकले, जमावाचे ऐकले, कैसराच्या मर्जीचाही विचार केला. ज्या सल्ल्यामागे कोणताही स्वार्थ नव्हता, तो एकच सल्ला त्याने बाजूस सारला आणि मग हात धुतले. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेत या स्त्रीला संत मानून तिचे स्मरण केले जाते. पिलाताचे नाव मात्र आपण प्रत्येक रविवारी श्रद्धांगीकारात कशासंदर्भात घेतो, हे सांगावयास नको.

हा विषय आम्ही मुद्दाम हाती घेतला आहे. पत्नीच्या विचाराने वागणाऱ्या पुरुषाला आपल्या समाजात ‘बाईलबुद्ध्या’ किंवा ‘बायकोच्या ताटाखालचे मांजर’ म्हणून हिणविले जाते. या थट्टेच्या भीतीने अनेक चांगले पुरुष घरात विचारायचे ते विचारत नाहीत. पारावर चार जणांचे मत घेतात, भाऊबंदांचे घेतात, क्वचित धर्मगुरूंचेही घेतात. पत्नीला मात्र ठरलेला निर्णय तेवढा कळविला जातो.

पवित्र शास्त्राची साक्ष याहून निराळी आहे. सारेने सांगितलेली गोष्ट अब्राहामाला जड वाटली, तेव्हा सारा जे सांगते ते ऐक, असे स्वतः परमेश्वराने त्याला बजावले (उत्पत्ती २१:१२). देवदूताचे दर्शन झाल्यावर आता आपण मरणार म्हणून मानोहा घाबरून गेला. आपल्याला मारायचे असते तर देवाने आपले अर्पण स्वीकारलेच नसते, असा साधा, बिनतोड युक्तिवाद त्याच्या पत्नीने केला आणि तो शांत झाला (शास्ते १३:२२-२३). शमशोनाच्या या आईचे नावसुद्धा बायबलने नोंदविलेले नाही, पण तिची सुज्ञता नोंदविली आहे. नाबालाच्या घरी तर उलटाच प्रकार होता. त्याच्याशी कोणी बोलूच शकत नाही, अशी त्याच्या चाकरांचीच तक्रार होती (१ शमुवेल २५:१७). त्याच्या उर्मटपणामुळे घरावर आलेले संकट अबीगईलने टाळले, पण तेही त्याला न सांगता, कारण सांगण्याची सोयच त्या घरात राहिली नव्हती.

येथे काही वाचक आदामाची आठवण करून देतील. पत्नीचे ऐकले म्हणूनच त्याला दोष लागला ना? (उत्पत्ती ३:१७). मूळ अध्याय पुन्हा वाचावा. आदाम तेव्हा हव्वेबरोबरच होता (३:६). त्याने काही विचारले नाही, देवाच्या आज्ञेची आठवण दिली नाही. दिले ते खाल्ले. त्याचा दोष देवाची आज्ञा मोडण्यात होता. ज्याला आपण सल्लामसलत म्हणतो ती तेथे झालीच नव्हती. हनन्या आणि सप्पीरा यांचे तर पूर्ण एकमत होते, पण ते लबाडीवर (प्रेषितांची कृत्ये ५:१-११). तेथे संत पेत्राने सप्पीरेला स्वतंत्रपणे प्रश्न विचारला, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. नवरा बोलला म्हणजे बायकोही बोलली, असे प्रेषिताने गृहीत धरले नाही. तिची सदसद्विवेकबुद्धी तिची स्वतःची होती.

विवाहाच्या मिस्साविधीत इफिसकरांस पत्रातील उतारा वाचला गेला, की पत्नींनी पतींच्या अधीन असावे हे वाक्य पुरुषमंडळींना नेमके लक्षात राहते. त्याच्या आधीचे वाक्य सर्वांना उद्देशून आहे आणि ते परस्परांच्या अधीन राहण्याविषयी आहे (इफिस ५:२१). पोप अकरावे पायस यांनी १९३० च्या विश्वपत्रात पतीला कुटुंबाचे मस्तक व पत्नीला हृदय म्हटले होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्त्रीच्या प्रतिष्ठेविषयी १९८८ साली लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले, की पतिपत्नींमधील अधीनता ही एकतर्फी नसून परस्परांची आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतही (कलम ११३५) वैवाहिक सहजीवनात दोघांची कर्तव्ये व हक्क समान मानले आहेत.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील सद्गुणी स्त्री शेत पारखून विकत घेते आणि स्वकष्टाच्या कमाईतून द्राक्षमळा लावते (३१:१६). दिंडोरी-निफाडच्या वाचकांना यावर वेगळे भाष्य नको. द्राक्षघडांची विरळणी कोण करते? कांद्याची लागवड आणि खुडणी कोणाच्या हातून होते? शेताची नस ज्या हातांना ठाऊक, त्या हातांच्या धनिणीला सोसायटीचे कर्ज काढताना, बोअर घेताना, जमिनीचा तुकडा विकताना विचारले जाते का? चांदवड येथे १९८६ साली शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते. पुढे शरद जोशी यांच्या प्रेरणेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली आणि अनेक गावांतील शेतकऱ्यांनी स्वखुशीने जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे केला. सातबाऱ्यावर नाव लागले, की बोलण्याला वजन येते. हे त्या मंडळींनी ओळखले होते.

सर्वाधिक अनर्थ घडतो तो जामीनकीत. मित्राच्या भिडेने पती सही करून येतो आणि वसुलीची नोटीस दारात आली, की पत्नीला प्रथम कळते. बायबलनेही जामीन राहण्याविषयी कडक इशारा दिला आहे (नीतिसूत्रे ६:१-५). ‘घरी विचारून सांगतो’ एवढे चार शब्द त्या वेळी उच्चारले असते, तर कित्येक घरांवरचे संकट टळले असते. हे उच्चारण्यात कमीपणा कसला? बाल येशूच्या संत तेरेजाचे वडील लुई मार्टिन हे घड्याळजी होते. पत्नी झेली हिचा लेसचा व्यवसाय वाढला, तेव्हा त्यांनी स्वतःचे दुकान सोडून दिले आणि तिच्या कामात हातभार लावला. या पतिपत्नीला ख्रिस्तसभेने २०१५ साली एकत्रच संतपद दिले.

सल्ला ऐकणे म्हणजे प्रत्येक वेळी तो मानणे नव्हे. रेव्ह. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे जीवन या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. हे दांपत्य कॅथोलिक नव्हते, पण महाराष्ट्रातील सर्वच ख्रिस्ती त्यांचे ऋणी आहेत. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीला विश्वासात न घेता. श्रद्धेची हाक ज्याची त्यालाच ऐकू येते. पत्नीच्या विरोधासाठी त्यांनी ती नाकारावयास हवी होती, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु न विचारणे, न सांगणे ही गोष्ट वेगळी. त्याचे दुःख लक्ष्मीबाईंनी काही वर्षे नातलगांकडे राहून सोसले. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी ते कसलाही कडवटपणा न ठेवता लिहिले आहे.

पुढे दोघे पुन्हा एकत्र आले, तेव्हा टिळकांनी धर्मांतराची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने १९०० साली बाप्तिस्मा घेतला. संसारात टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. आला की तो गरजवंताकडे जाई. घर चालविण्याचा व्यवहार लक्ष्मीबाईंनी सांभाळला. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती पतीमुळे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य आरंभिले, पण १९१९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा सुरुवातीचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.